हनीफ आब्रावाल्याच्या होडीतला बर्फ

बर दुबईत मी शिकवायचो, त्या गल्लीच्या टोकाला खाडी होती. तिथे हनीफ परकार आब्रा वल्हवत माणसांना पलीकडे देऱ्याला न्यायचा. स्वभावाने गोड, कुणाला नाही म्हणायचा नाही. फक्त बर्फ होडीत घ्यायचा नाही.

“हनीफभाय, बर्फ काय चावतो?” लोक चिडवायचे.

“चावतो. दोन बोटं खाल्लीत,” असं म्हणून तो डावा पाय पुढे करायचा.

महायुद्धात तो मालबोटीवर खलाशी होता. ग्रीनलँडच्या किनाऱ्याजवळ बर्फाने बोट चेपली. तो आणि रत्नागिरीचा यूनुस एका लादीवर उतरले. “आधी तडतड ऐकू येते, मास्तर. मग फाटते.” यूनुस त्या फटीत गेला. हनीफला सीलच्या शिकाऱ्यांनी उचलून घरी नेलं. घरातल्या बाईने त्याचे गोठलेले पाय स्वतःच्या पोटाशी धरून ठेवले.

ते बेट आपल्या महाराष्ट्राच्या सातपट. पण माणसं कडेकडेनेच राहतात. मधे कळसूबाई बुडेल एवढा जाड बर्फ. शिकाऱ्यांनी त्याला पडक्या दगडी भिंती दाखवल्या. युरोपातून आलेले लोक तिथे चारेकशे वर्षं नांदले आणि नाहीसे झाले. कसे, ते खात्रीने कुणालाच सांगता येत नाही.

१९६४च्या ऑगस्टात त्याच्या हाफिजाला उन्हाचा ताप चढला. पोर आईला ओळखेना. डॉक्टर म्हणाले, “बर्फ आणा, ताबडतोब.” कारखाना देऱ्यात. हनीफ एकटा जायला धजेना, म्हणून मी सोबत गेलो.

येताना गोणपाटात गुंडाळलेली लादी आमच्या पायांपाशी होती. खाडीच्या मध्यावर उन्हाने ती तडकली. हनीफची वल्ही थांबली. आब्रा ओढीबरोबर समुद्राकडे वळू लागली.

“मास्तर, पाय वर घ्या! फाटतेय!”

मी पाय वर घेतले. “घेतले, हनीफ. आता वल्हव. हाफिजा वाट बघतेय.”

तो वल्हवू लागला, पण नजर लादीवरून हलली नाही.

घरी त्याची बायको शहरबानू वरवंट्याने बर्फ फोडायला बसली. प्रत्येक घावाला तो दचके. तरी लेकीचे तापलेले पाय मांडीवर घेऊन तो बर्फ फिरवत राहिला. संध्याकाळी तिने डोळे उघडले.

“अब्बा, तुझे हात किती गार!”

शहरबानू रडतारडता हसली. उरलेला तुकडा तिने सरबताला ठेवला, तर हनीफ म्हणाला, “बाहेर टाक.”

उंबऱ्यापलीकडे तो तुकडा पार वितळेपर्यंत हनीफ कान देऊन बसला होता. खाटेवर, पाय वर घेऊन.