डोकं आत, रुख्मे!

नार्नूरच्या शाळेत जयवंताबाई पोरींना फुटबॉल शिकवायच्या. पहिल्याच आठवड्यात हाफपँटमध्ये पळणाऱ्या आपल्या विमलला घरी न्यायला डोमाजी तुराटी घेऊन मैदानात शिरले. बाईंनी तुराटी हिसकावली आणि त्यांच्याच पोटरीवर मोडली.

"आता बसा अन् पाहा."

डोमाजी बसले. पुढं दर रविवारी येऊन बसू लागले.

मैदान म्हणजे कपाशीची पराटी उपटलेलं वावर. उरलेल्या खुंटांनी पोरींच्या पिंढऱ्या फाटायच्या. बाई हळद दाबून म्हणायच्या, "दोन मिनिटं रडून घे. मंग ऊठ." बाईंचे समोरचे दोन दात कधीच खेळताना कुणाच्यातरी कोपरानं नेले होते. शिट्टी धरायला दात नाहीत, म्हणून त्या ओरडायच्या. आवाज तीन वावरं ओलांडायचा, बैलंसुद्धा थबकायची.

गोलकीपर होती वसतिगृहातली रुख्मिणी, बेज्जूरची. चेंडू दिसला की पायांच्या गर्दीत डोक्यानंच शिरायची. चार वर्षं बाई ओरडल्या, "डोकं आत, रुख्मे!" की ती तिथंच चेंडूभोवती गोळा व्हायची.

२०१६च्या दसऱ्याला आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. बेज्जूर आसिफाबादेत गेलं आणि बापानं रुख्मिणीलाही तिकडच्या शाळेत नेलं. पुढच्या वर्षी सामना लागला तो नेमका आसिफाबादशी. शाळा समितीचे उद्धवराव म्हणाले, "बाई, हरल्या तर फुटबॉल बंद. पोरी कबड्डी खेळतील."

सामना कसला, मारामारीच. एकीचं नाक फुटलं, दुसरीच्या भुवईला टाके पडले, पंचाच्या नडगीलाही प्रसाद मिळाला. शेवटच्या मिनिटाला आसिफाबाद एका गोलनं पुढं. विमल चेंडू घेऊन एकटी सुटली, समोरून रुख्मिणी डोकं पुढं करून झेपावली. विमलचा पाय उचललेला.

"डोकं आत, रुख्मे!"

रुख्मिणी गोळा झाली. लाथ डोक्याऐवजी खांद्यावर बसली, हाड मोडल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. चेंडू तिच्या पोटाशीच राहिला. सामना संपला, नार्नूर हरलं.

बाई धावत गेल्या, ओढणीनं तिचा हात बांधू लागल्या. उद्धवरावांनी त्यांचं मनगट धरून ओढलं. "काऊन वो? तिकडच्या पोरीले वाचवून राह्यल्या? तुमी कोन्या जिल्ह्याच्या?"

उत्तर विमलनं दिलं. रडत रडतच धावत आली आणि डोकं थेट त्यांच्या पोटात घातलं. उद्धवराव चुन्याच्या रेघेवर आडवे.

कडेला बसलेले डोमाजी हलले नाहीत. "बसा अन् पाहा, उद्धवराव."

फुटबॉल बंद झाला. कबड्डीच्या तासाला पोरी चेंडू घेऊनच येतात. उद्धवराव अजून तरी तपासायला आले नाहीत.