मेरी, कॅनडाची

मी भर सभेत खोटं बोललो. ज्यांच्याविरुद्ध बोललो त्यांना मला एका वाक्यात उघडं पाडता आलं असतं, पण त्यांनी पाडलं नाही. हे आधीच सांगून टाकतो. काकूंच्या आठवणी लिहायला बसलो की त्यांच्या गमतीजमतींत माणूस रमतो, आणि मग ही एक गोष्ट राहून जाते. ती राहून गेलेली मला सोयीचीच वाटली असती.

काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या चुलत भावाची बायको. काका साठच्या दशकाच्या शेवटी इंजिनियर म्हणून मॉन्ट्रियलला आले, पुढे त्यांनी शहराला लागूनच लव्हालला घर बांधलं आणि निवृत्तीनंतर दोनच वर्षांत ते गेले. काकू त्या घरात एकट्या राहत. कुणाशीही ओळख झाली की त्या पहिल्या पाच मिनिटांत विचारत, "आणि आईचं माहेर कुठलं?" देशस्थ-कोकणस्थ काढायला नव्हे, त्यांना खरोखरच ते हवं असे. एकदा घर गरम ठेवणारी फर्नेस दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही त्यांनी विचारलं, "युवर मदर, लग्नाआधी कोण?" तो गोंधळला, पण जाताना अर्धा तास स्वयंपाकघरात चहा पीत स्वतःच्या आजीबद्दल बोलत होता.

मी त्या काळात आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचं काम करत होतो. पुण्याच्या थोरल्या चुलत भावाने परदेशातली शाखा माझ्यावर सोपवली होती. चार वर्षं शनिवार-रविवार घालवून मी वंशवेल तयार केली आणि मोठ्या अभिमानाने काकूंना दाखवायला नेली. त्यांनी भिंगातून पानन् पान पाहिलं.

"छान केलंयस रे श्रीधर. पण यात बायका कुठे आहेत?"

"आहेत की! ह्या बघा तुम्ही." काकांच्या नावाखाली बारीक अक्षरात 'पत्नी सुमती' असं होतं.

"हो, आहे खरी," काकू म्हणाल्या, "लग्नानंतरची."

मी हसलो आणि पुढचं पान उलटलं.

२०१६ च्या उन्हाळ्यात काकूंनी शेजारच्या गल्लीतल्या गराज सेलमधून शिवणकामाची एक जुनी लाकडी पेटी आणली. आत सुया, बटणं आणि घडी घातलेले दोन कागद होते. पेटी क्लारा होल्ट नावाच्या अमेरिकन बाईची होती. दीडशे वर्षांपूर्वी ती सीमेपलीकडे व्हरमाँटमधल्या एका खेड्यात शाळा शिकवत होती. पहिल्या कागदावर तिच्या वडिलांचं घराणं होतं, इंग्लंडहून बोटीने आलेल्या पहिल्या होल्टपासून सात पिढ्या. सगळ्यात खाली क्लाराच्या वडिलांचं नाव आणि त्यापुढे इतकंच: 'पत्नी मेरी, कॅनडाची'.

"कॅनडाची!" काकू मला फोनवर म्हणाल्या. "कॅनडा म्हणजे काय आळी आहे का? सात पिढ्या बापाच्या, आणि आईला नुसता देश!"

दुसऱ्या कागदावर क्लाराच्या हातची एक ओळ होती: लहानपणी आईबरोबर सीमेजवळच्या गावी 'ग्रँडमदर मार्टेल'च्या दफनाला गेले होते. तेवढ्या ओळीवर काकू मेरीचं माहेर शोधायला निघाल्या. जुनी चर्चची दप्तरं आता घरबसल्या कॉम्प्युटरवर पाहता येतात, पण ती फ्रेंचमध्ये, तीही बारीक, तिरक्या हस्ताक्षरात. काकूंचं फ्रेंच भाजीवाल्यापुरतं. म्हणून त्यांनी माझ्या मुलीला, मुक्ताला बोलावलं.

मुक्ता तेव्हा सतरा वर्षांची होती. माझ्या वंशवेलीसमोर ती कधी दहा मिनिटं बसली नव्हती. "बाबा, इट्स ऑल गाइज," एवढं म्हणून उठली होती. तीच मुलगी दर शनिवारी मेट्रो आणि बस बदलून लव्हालला जाऊ लागली. वॉलपेपरच्या उरलेल्या गुंडाळीच्या मागच्या बाजूला दोघींनी क्लाराची वेल काढली होती, आणि ती कपड्यांच्या चिमट्यांनी पडद्याला टांगलेली असे. मी आणायला गेलो की आतून हसण्याचा आवाज येई. "आजी, मेरीला अकरा भावंडं!" "अगं, मग पळूनच गेली असेल ती अमेरिकेत!" मी बूट न काढता दारातच उभा राहायचो. माझा जळफळाट व्हायचा. माझे पूर्वज घरात पडून होते, आणि माझी मुलगी एका परक्या मास्तरीणबाईची आजी शोधत होती. दीडशे वर्षांपूर्वीच्या बाईचा कुणी मत्सर करतं का? मी करत होतो. आणि काकूंचा त्याहून जास्त.

त्या हिवाळ्यात काकू आमच्याकडे जेवायला आल्या असताना मुक्ताने पोळी हातात धरूनच बातमी सांगितली. क्लाराची आजी सापडली होती! दफनाच्या नोंदीत तिचं नाव मार्गरीत रॉय होतं. मी विचारलं, "रॉय कशी? मार्टेल ना?" तेव्हा मुक्ताने मला समजावलं की इथल्या जुन्या चर्चच्या दप्तरांत बाई लग्नानंतरही, अगदी मरेपर्यंत, बापाच्या आडनावानेच लिहिली जाते. सीमेपलीकडे ती ग्रँडमदर मार्टेल, इथे मार्गरीत रॉय. मेरीच्या लग्नाच्या नोंदीतही आई म्हणून तेच नाव होतं. काकू माझ्या शेजारी बसून आमटी वाढत होत्या. मला सगळं नीट समजलं होतं.

संक्रांतीच्या कार्यक्रमात इथल्या मराठी मंडळाने काकूंना वीस मिनिटं दिली. आदल्या वर्षी मी कुलवृत्तांतावर बोललो तेव्हा अकरा जण होते, त्यातले दोघे चहाची व्यवस्था पाहणारे. काकूंच्या वेळी लोक भिंतीला टेकून उभे होते. मुक्ता कॉलेजच्या सहलीला गेली होती. काकूंनी पडद्यावर दफनाची नोंद दाखवली. खालच्या ओळींवर शाई पसरलेली, वाचता येत होतं ते फक्त नाव.

"रॉय? बंगाली निघाली की काकू!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सभागृह खळखळून हसलं. काकूही हसल्या.

त्या हशातच मी उठलो. म्हणालो, "काकू, एक अडचण आहे. क्लारा लिहिते मार्टेल, तुमच्या नोंदीत रॉय. म्हणजे बाई वेगळी. तुम्ही कुणाचीतरी आजी क्लाराला चिकटवलीत." पुन्हा हशा झाला, पण आता काकू हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमटीचा डाव हातात धरून मुक्ताचं बोलणं ऐकणारी तीच बाई माझ्याकडे पाहत होती. मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं.

"तू म्हणतोस तर पुन्हा बघायला हवं," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. सात मिनिटं शिल्लक होती.

मुक्ता परत आल्यावर भडकली. "बाबा, मी तुला सांगितलं होतं! आजी पण होत्या तेव्हा!" मी म्हणालो, "नीट आठवत नाही गं." तिने काकूंना फोन लावला. काकूंनी तिला सांगितलं, "राहू दे, बाबा कामाने दमलेला असतो." आणि पेटी कपाटात ठेवली. शनिवार मोकळे झाले. मुक्ता माझ्या वंशवेलीकडे आली नाहीच. ती खोलीचं दार लावून बसू लागली.

पुढच्या वर्षी कळलं की काकू घर विकून कॅल्गरीला मुलाकडे कायमच्या चालल्या आहेत. मला कुलवृत्तांतात त्यांच्या नावापुढे माहेर लिहायचं होतं. काकूंना विचारायचं तोंड नव्हतं, म्हणून पुण्याला भावाला फोन केला. तो म्हणाला, "सुमतीकाकू? माहेरचं नाव कोण जाणे. कोकणातल्या कुठल्याशा."

फोन ठेवल्यावर मी वंशवेलीतली ती ओळ मनातल्या मनात पुरी केली. पत्नी सुमती, कोकणातली.

निघण्याच्या आदल्या रविवारी काकूंनी आठ-दहा जणांना जेवायला बोलावलं. खोकी बांधून झाली होती. मुक्ता वॉलपेपरची गुंडाळी घरी नेण्यासाठी उलगडून पाहत होती. मार्गरीत रॉयच्या नावापुढे पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढलेलं होतं. अक्षर काकूंचं, पण ते चिन्ह माझं होतं.

मी ताट खाली ठेवलं. "काकू, मला सगळ्यांसमोर एक सांगायचंय."

"अरे श्रीधर, आधी जेव. वरण निवतंय."

"नाही काकू, आधी हे." मुक्ताने मान वर केली. "संक्रांतीला मी उठून बोललो ते खोटं होतं. मार्गरीत रॉय हीच क्लाराची आजी. मुक्ताने मला जेवणाच्या टेबलावर सगळं समजावलं होतं, तुम्ही शेजारी होतात, आणि मला सगळं आठवत होतं. मुक्ता, तुझ्याशीही मी खोटं बोललो. ही पोरगी तुमच्याकडे यायची ते मला बघवत नव्हतं, काकू. तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं. मला माफ करा."