अयाका एकटीनं होत नाही

फोन आला तेव्हा मी धुळ्यात, घरी, गॅसचं सिलिंडर बदलून घेत होते. दोनच दिवसांसाठी आले होते, पेन्शनच्या कामाला. भडगावहून शेजारच्या सुमनताई बोलत होत्या. त्यांनी आधी मी जेवले का ते विचारलं आणि तेव्हाच मला कळलं. इसाबेलवहिनी सकाळी चहा पिता पिता गेल्या. अर्धा कप प्यायल्या होत्या... सुमनताई पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिल्या, अर्धा कप तर प्यायल्या होत्या.

माझा थोरला भाऊ, दिलीपभाऊ, तेलविहिरींवर इंजिनियर होता. पंधरा-वीस वर्षं व्हेनेझुएलात राहिला, माराकाइबो नावाच्या शहरात, आणि तिथंच त्यानं लग्न केलं. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा नोकरी सोडून तो परत आला आणि वहिनी त्याच्यामागून आल्या. मूलबाळ नव्हतं. गिरणेच्या काठी केळीची थोडी शेती, गावात तीन खोल्यांचं घर आणि घरात गळ्यात तुळशीची माळ घातलेली माझी आई. उंच, सावळ्या, मोठ्यानं हसणाऱ्या या बाईला आई 'इसाबाई' म्हणायची. पहिले काही महिने दोघी एकमेकींशी खुणांनीच बोलायच्या. गल्लीतल्या बायका निमित्त काढून यायच्या, दाराशी रेंगाळायच्या, वहिनींच्या कुरळ्या केसांकडे बघून परत जायच्या.

तो त्यांचा इथला पहिला डिसेंबर. मी शिकवत होते त्या शाळेला सुट्टी होती म्हणून माहेरी आले होते. मागच्या परसात पाहिलं तर वहिनी पाटावर बसलेल्या, भोवती केळीची पानं, एका पातेल्यात वाटलेला मका, दुसऱ्यात कोंबडीचं कालवण. पान विस्तवावर शेकायचं, पुसायचं, त्यावर मक्याचं पीठ थापायचं, मध्ये कालवण भरायचं, पुडी करून दोरीनं बांधायची आणि उकळत्या पाण्यात सोडायची. त्यांच्याकडे नाताळात घरोघरी हे करतात. त्याला अयाका म्हणतात. त्या एकट्याच करत होत्या आणि डोळे सारखे खांद्याला पुसत होत्या. आईला वाटलं धुरानं. मग भाऊ म्हणाला, "आई, तिच्या घरी हे वीस माणसं मिळून करतात. एकीनं पानं पुसायची, एकीनं पीठ थापायचं, एकीनं बांधायचं. एकटीनं करायची वेळ तिच्यावर कधी आली नाही."

कोंबडीचं पातेलं आईनं पदराच्या टोकानं धरून लांब सरकवलं, त्याला हात लागणार नाही अशा बेतानं खाली बसली आणि म्हणाली, "पानं माले दे. मी पुसस."

तेव्हापासून आई दरवर्षी पानं पुसायला बसायची. तिच्यासाठी वहिनी बिनमांसाच्या वेगळ्या करायच्या, हरभरे, बटाटा आणि मनुका घालून. पिठाला त्यांच्या भाषेत 'मासा' म्हणतात. पहिल्यांदा वहिनींनी "मासा, मासा" म्हणत परात मागितली तेव्हा आई ताडकन उठून देवघरात गेली होती. नंतर कित्येक वर्षं ती हे सांगून हसायची. मका आमच्याकडचा पिवळा, कडक, कोंबड्यांच्या खाद्याला जाणारा. तो आदल्या दिवशी उकडून वाटावा लागे. दोरी मिळायची ती केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपटाची. एक आंबट, खारट कळी मात्र इथं मिळेना आणि तिच्यावाचून चव येत नाही असं वहिनी म्हणायच्या. जळगावात एका मारवाडी घरी जेवायला गेलो असताना त्यांनी केर नावाच्या बारीक रानफळांचं लोणचं तोंडात घातलं आणि घास तसाच धरून बसल्या. हेच ते... किंवा त्याचं जवळचं भावंड. त्या घरच्या काकूंनी येताना बरणी बांधून दिली आणि पुढे दर हिवाळ्यात ती बरणी भरून मिळत राहिली.

माझं स्पॅनिश एवढंच. ओहा म्हणजे पान, मासा म्हणजे पीठ, आमार्रा म्हणजे बांध. परसातल्या त्या एका दुपारीला जेवढं लागतं तेवढं.

मग त्यांच्या देशाचे दिवस फिरले. दुकानं रिकामी झाली, माणसं मिळेल त्या वाटेनं बाहेर पडू लागली. एका डिसेंबरात वहिनींच्या आईंनी फोनवर सांगितलं की यंदा घरात अयाका नाही, पीठच मिळालं नाही. फोन ठेवून वहिनी बांधावर जाऊन उभ्या राहिल्या. तिथं कापणी झालेल्या बागेतली पानं ढिगानं वाळत पडली होती. त्या वर्षी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त केल्या आणि स्वतः एकही खाल्ली नाही. पुढे त्यांच्या आई गेल्या. जायचं कसं, पासपोर्टचं काय, विमान कुठून... भाऊनं पुष्कळ खटपट केली. जमलं नाही. त्या दिवशी आमची आई त्यांना जवळ घेऊन नुसती बसून होती, आणि वर्षाच्या आत तीही गेली. त्यानंतर भाऊ. हृदयविकारानं, शेतातून परत येताना. गावात वहिनींची भाषा समजणारं एकच माणूस होतं, ते गेलं.

माझे यजमान आधीच गेले होते. मी वहिनींना धुळ्याला चला म्हणाले. त्या अगदी आमच्यासारख्या मराठीत म्हणाल्या, "तिथं पानं विकत घ्यावी लागतील." एवढ्यावरच विषय संपवला. डिसेंबरात मी भडगावला जायची, दोघी मिळून करायचो. थोड्याच व्हायच्या.

गेल्या संक्रांतीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. वाचा महिनाभरानं परत आली, पण ती स्पॅनिशमध्ये. तीस वर्षं बोललेली मराठी कुठं गेली कुणास ठाऊक. डॉक्टर म्हणाले, असं होतं, जुनं राहतं, नंतरचं पुसलं जातं. मी मुक्काम भडगावला हलवला. त्या दिवसभर बोलायच्या. माझ्याकडे बघून, कळकळीनं, मधूनच वैतागून. पाणी, औषध, उशी, सगळं करून बघायची मी. त्या मान हलवायच्या आणि पुन्हा तेच सुरू करायच्या. सुमनताईंच्या मुलीनं मोबाईलमध्ये भाषांतर लावून दिलं, पण वहिनींचे शब्द जड झालेले, मोबाईल भलतंच काही लिहायचा. माझ्या ओळखीचे तीन शब्द त्यात यायचे. ओहा... मासा... आमार्रा. मीही ते म्हणायची. तेव्हा त्या गप्प होऊन माझ्याकडे बघायच्या, जणू आता मी पुढचं बोलणार. पुढचं मला येत नव्हतं.

मला भीती एकच होती. ही बाई काहीतरी शेवटचं मागते आहे आणि ते कळणारं कुणी नाही. त्यांची धाकटी बहीण रोसा चिलीत असते, म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायच्या नोकरीवर. तिचा जुना नंबर लागत नव्हता. भाऊच्या एका जुन्या सोबत्याला गाठून नवा मिळवायला पावसाळा उजाडला. व्हिडिओवर तिला वहिनींच्या समोर धरलं. वहिनी बोलत राहिल्या, रोसा हनुवटीवर हात ठेवून ऐकत राहिली, रडली, मध्ये एकदा हसलीसुद्धा. नंतर मी फोन पलीकडच्या खोलीत नेला. रोसा सावकाश, स्वच्छ बोलली आणि सुमनताईंच्या मुलीच्या मोबाईलनं ते मराठीत वाचून दाखवलं. "ती काही मागत नाही. ती कामं वाटून देते आहे. तू पुस, तू भर, तू बांध, लवकर करा, पाणी उकळलं. ती आमच्या आईच्या घरी आहे. सगळे आलेत म्हणते."

मी विचारलं, ते घर आता कुणाकडे आहे? रोसा म्हणाली की कुलूप आहे. आमच्यातलं कुणीच तिथं राहिलेलं नाही.

त्यानंतर मी काय हवंय म्हणून विचारणं बंद केलं. त्या बोलायला लागल्या की पलंगापाशी बसून हातात रुमाल घ्यायची आणि पुसल्यासारखं करायची. कधी त्या बघायच्या, कधी नाही. बरं वाटलं असेल का त्यांना? मला माहीत नाही. मला बरं वाटत नव्हतं, एवढं सांगू शकते. भरल्या घरात त्यांचा जीव रमलेला आणि प्रत्यक्षात त्या खोलीत आम्ही दोघी, वर पंखा, बाहेर केळीचे ट्रक. दिवाळीनंतर त्या गेल्या. भाऊला जिथं अग्नी दिला तिथंच मला द्या, असं त्यांनी धडधाकट असताना सांगून ठेवलं होतं. गिरणेच्या काठी तेवढं आम्ही केलं. रोसानं फोनवरून प्रार्थना म्हटली. ती कळली कुणालाच नाही, पण संपेपर्यंत सगळे हात जोडून उभे राहिले.

परवा घर आवरायला गेले होते. मीटर बंद करायचं म्हणून फ्रीज रिकामा केला. मागे, बर्फात रुतलेली, एक अयाका निघाली, गेल्या डिसेंबरातली. तिला दोन गाठी होत्या. वहिनींची खूण होती ती. कोंबडीची असली तर एक गाठ, बिनमांसाची असली तर दोन. बिनमांसाची आमच्यात आता कोण खातं? आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली. मी दरवर्षी शेजारी बसून पानं पुसत होते आणि ही एक त्या कधी बांधायच्या, मला दिसलं नव्हतं.

खाण्याजोगी ती राहिली नव्हती. वीज जाऊन येऊन कितीदा वितळली असेल. पान काळं पडलं होतं, आंबूस वास सुटला होता. गाठी मी सोडल्या नाहीत. शेतावर नेली, केळीच्या एका बुंध्याशी माती उकरली आणि तशीच आत ठेवली. पाटाच्या पाण्यात हात धुतले आणि धुळ्याची गाडी धरली.