विहिरीत गॅस आहे का, हे मला सांगता आलं नाही

मित्रहो, वसमतच्या सायबर कॅफेत बसून लिहितोय. डोकं अजून ठिकाणावर नाही.

आज सकाळी हट्टा गावात काकांच्या विहिरीतला गाळ काढायचा होता. पाणी उपसायला डिझेल इंजिन विहिरीतल्याच कट्ट्यावर चालवलं होतं. ते बंद झाल्यावर खालची हवा तपासायला काकांनी पेटता कंदील दोरानं खाली सोडला. तो विझला नाही, तसे ते उतरायला निघाले.

मी त्यांचा हात धरला. "काका, इंजिनाच्या धुरात विषारी गॅस असतो. त्यानं कंदील विझत न्हाई, माणूस मरतो."

"मंग तू गॅस ओळखायचंच शिकून राहिला ना? सांग, हाय का न्हाई?"

पण माझं गॅस ओळखायचं यंत्र अजून अर्धवटच आहे. प्रयोगशाळेत मी केसासारख्या काचतंतूच्या टोकाला इवलासा पडदा बसवतो. गॅसवर लुकलुकता प्रकाश पाडला की अगदी बारीक आवाज होतो, तो या पडद्यानं टिपायचा. गॅस थोडा असला तर टिपत नाही, म्हणून पडदा आणखी पातळ केला. आता तो छताच्या पंख्याचाही आवाज टिपतो.

काका चिडले, पण उतरले नाहीत. गाळ काढायला आलेले मजूर परत गेले. काकू तेवढी हळूच म्हणाली, "बरं केलं रे लेकरा."

मी त्यांचा जीव वाचवला, की नुसता दिवस बुडवला, मला खरंच कळत नाही.

पडदा पातळ ठेवून फक्त गॅसचाच आवाज कसा निवडायचा, कुणाला माहीत आहे का? आणि उद्या काका पुन्हा उतरायचं म्हणतायत. त्यांना काय सांगू?