काथवटीवरचा लांबडा क्रूस

ब्रिहिदाच्या हाताला चव आहे, असं सगळं रोब्लेदिना गाव म्हणायचं. डिसेंबरात डुकरं कापायचे दिवस आले की घरोघरी तिलाच बोलावणं. चोरिसोच्या, म्हणजे आतड्यात भरून वाळवायच्या सॉसेजच्या, मांसात लसूण, मीठ आणि धुरावर वाळवलेल्या लाल मिरचीची पूड तीच कालवणार, कच्चंच जिभेवर ठेवून बघणार, आणि जीभ बास म्हणाली की थांबणार. तराजूबिराजू काही नाही. त्या एका गोष्टीपायी तिला मान होता, नाहीतर असल्या खाष्ट बाईला दारात कोण उभं करणार?

पण गेली तीन वर्षं तिला सगळं गाव लबाड वाटायला लागलं होतं. तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तापानं ती पंधरा दिवस अंथरुणात होती. उठून बघते तर काय, पाववाला मीठ चोरतोय, मिरचीवाला पुडीत विटांचा भुगा मिसळतोय, चीज करणारी शेळीच्या दुधात पाणी घालतेय. कुठल्याच घासाला पहिल्यासारखी चव म्हणून नाही. तिनं एकेकाला तोंडावर सुनावलं. बिचारे ऐकून घ्यायचे.

सगळ्यांत जास्त संशय जावेवर. ओब्दुलिया धाकटी, घुमी. मदतीला म्हणून बरोबर यायची आणि भांडी घासायला मागं राहायची. मांस कालवलं की लाकडी काथवटीत थापायचं, वर बोटानं क्रूस काढायचा आणि मुरायला ठेवायचं, ही रीत. सकाळी ब्रिहिदा बघायची तर क्रूस असायचा, पण तिचा नसायचा. तिचा आखूड, हा लांबडा. वर काथवट अंमळ जास्तच भरलेली. म्हणजे ही बया मागाहून काहीतरी कालवते. आपलं नाव बुडवायचं आणि आपल्या जागी बसायचं, दुसरं काय?

यंदा घरचंच डुक्कर होतं. क्रूस काढण्याआधी ब्रिहिदानं वाटीभर मांस काढलं आणि स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवलं. सकाळी काथवट बघितली. क्रूस लांबडाच.

आतड्यांत भरण्याआधी थोडं मांस तळून सगळ्यांनी चाखायचं असतं. चुलीभोवती शेजारपाजार जमला. ब्रिहिदानं दोन तवे मागवले. एकात काथवटीतलं टाकलं, दुसऱ्यात वाटीतलं. कुठलं कुणाचं ते बोलली नाही. सासऱ्यांना, म्हाताऱ्या तेलेस्फोरोला, एवढंच म्हणाली, "मामंजी, आधी तुम्ही. आज एकीचं सोंग उघडं पडणार आहे."

ओब्दुलियाच्या हातातलं फडकं खाली पडलं.

म्हाताऱ्यानं काथवटीतला घास चावला, मान डोलावली. वाटीतला तोंडात टाकला मात्र, थू थू करत त्यानं वाइनची सुरईच तोंडाला लावली. "मीठ आहे की मिठागर? कुत्रंसुद्धा तोंड लावायचं नाही. कुणी केलंय हे?"

ब्रिहिदानं वाटीतला घास खाल्ला. मग काथवटीतला. परत वाटीतला. दोन्ही सारखेच. दोन्हींत काहीच नव्हतं, नुसतं गरम काहीतरी दाताखाली येत होतं. पाववाला, मिरचीवाला, चीजवाली, सगळे डोळ्यांपुढून गेले.

"माझ्या हातचं आहे ते," ओब्दुलिया म्हणाली. "करून बघितलं होतं. मीठ जास्त झालं."

सगळे हसले. म्हणूनच तुला कुणी काथवटीला हात लावू देत नाही, असंही कुणी म्हणालं. ओब्दुलिया मान खाली घालून हसली. तीन वर्षं ही बाई मागं राहून खारटपणा मोडायला उकडलेले बटाटे आणि अळणी मांस कालवत होती, आणि वाहवा मात्र ब्रिहिदाची होत होती.

तीन वर्षं ब्रिहिदा हिचं खोटं पकडायला टपली होती. आज पकडलं.

"खोटं बोलतेय ती," ब्रिहिदा म्हणाली. "वाटी माझी आहे. तापापासून माझी जीभ मेलीय."

ब्रिहिदा काथवटीपुढच्या आपल्या बुटक्या स्टुलावरून उठली आणि तिनं जावेला दंडाला धरून तिथं बसवलं.

"बस इथं. आणि क्रूस जरा आखूड काढत जा."