लिम आंटींचं हायस्कूल

वीसेक वर्षांपूर्वी सिंगापूरला धाकट्या बहिणीकडे, सुनंदाकडे, उतरलो आणि दोन दिवस नुसत्या उंच इमारतीच पाहिल्या. शेवटी म्हणालो, "अगं, शहरातलं काहीतरी जुनं दाखव."

तिनं शेजारच्या लिम आंटींना विचारलं. सत्तरी ओलांडलेल्या या चिनी बाई म्हणाल्या, "माझी शाळा आहे ना! पण सोडल्यापासून मीच आत गेले नाही."

शनिवारी तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये (एका छपराखालची खाण्याची दुकानं) कोपी (गोड आटीव दुधाची कॉफी) पिऊन आम्ही तिघं एमआरटीनं (तिथल्या मेट्रोनं) निघालो. स्टेशनातून भलत्याच दारानं बाहेर पडलो आणि भर उन्हात तंगडतोड झाली. आंटींनी आपली छत्री माझ्याच डोक्यावर धरली.

मग झाडांआडून ती दिसली. पांढरी, दुमजली, लांबलचक कमानींच्या व्हरांड्यांची. मिशनऱ्यांनी बांधलेलं मुलींचं हायस्कूल. आंटी फाटकाशीच थांबल्या.

"जपानी आले त्या वर्षी, बेचाळीसला, मी इथे शिकत होते. एका सकाळी बघते तर बाकं अंगणात आणि वर्गांत जखमी सैनिक. घरी जा म्हणाले. गेले."

युद्ध संपल्यावर शाळा पुन्हा भरली. पण जपान्यांनी पकडून नेलेले आंटींचे वडील परतले नव्हते, म्हणून त्या शिवणाच्या दुकानात कामाला लागल्या. पुढे शाळाच दुसरीकडे हलली, इमारत बरीच वर्षं ओस पडली. आता तिथं कलाकेंद्र होतं.

"बाहेरूनच बघू, ला," त्या म्हणाल्या. हा 'ला' इथं वाक्यागणिक येतो, आपल्या 'ना'सारखा.

सुनंदानं त्यांचा हात धरला. "चला आंटी, आता कोणी घरी पाठवणार नाही."

त्यांचा वर्ग वरच्या मजल्यावर होता. आत काही वयस्क मंडळी काळ्या शाईनं बांबूची चित्रं काढत होती. शिकवणारी तरुण मुलगी दाराशी आली.

"क्लासला आलात?"

'नाही, नुसतं बघतोय,' असं मी म्हणणार, तेवढ्यात आंटी म्हणाल्या, "हो. उशीर झाला, सॉरी."

आम्ही व्हरांड्यात थांबलो. थोड्या वेळानं त्यांनी आतूनच हात हलवला. "तुम्ही जा, जेवून घ्या. मला वेळ लागेल."

पुण्यात अजूनही कोणी विचारतं, सिंगापूरला काय काय पाहिलंस? मी त्या जुन्या शाळेबद्दल सांगतो. पण कमानी सांगता सांगता माझं मन त्या वर्गातच जातं. "ब्रश सरळ धरा," असं त्या मुलीनं म्हणताच लिम आंटी दचकून पाठ ताठ करून बसल्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.