दातेरी चाकावरचं कुंकू
कुंकू तेलात कालवताना त्याचा वास आला की तो दिवस आठवतो. आमचं घर एका भाड्याच्या गाडीवर चालायचं आणि तिच्या इंजिनातली टायमिंग चेन आमचे हे अंगणातच बदलत होते. चेन एक दाता जरी चुकली तरी चालू करताच इंजिन आतून मोडतं, असं ते सकाळपासून सांगत होते. चेन नेमकी कुठं बसवायची ते कळावं म्हणून दातेरी चाकावर त्यांनी तांबड्या रंगाची खूण केली होती. ते जेवायला गेले तेव्हा सासूबाईंनी उघड्या इंजिनाची पूजा केली आणि तेलकट चाकावर कुंकवाचं बोट ओढलं. जेवून आल्यावर यांनी त्यालाच खूण समजून चेन बसवली. मी दारातून बघत होते. दीर आणि शेजारची माणसं उभी होती, त्यांच्यापुढं मी कधी तोंड उघडलं नव्हतं. यांनी वरचं झाकण बसवायला उचललं आणि मी ओरडलेच, "अवो थांबा! ती खूण न्हाय, आत्तींचं कुंकू हाय!" यांनी चाक पुसलं तर बोट लाल झालं. खरी खूण पलीकडं होती. "आये, इंजिनाचं लगीन लावतीस व्हय?" हे म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "कुंकू लावलं म्हणूनच वाचलं की!" चेन परत बसवली आणि पहिल्याच किल्लीला इंजिन सुरू झालं. चारचौघांत मी अजूनही बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले, हे आठवलं की जीव हलका होतो.